पंचाहत्तर ओहमची केबल आणि गुरुजींची चाल

मखमलाबाद रोड, नाशिक
कोजागरीनंतरचा मंगळवार, २००३

श्री. वाल्मीकराव शेवाळे, मुक्काम मनमाड, यांना भिमाजी मंडलिकचा नाशिकहून हात जोडून रामराम.

पुक्, पुक्, पुक्, पुक्. व्याह्यांना लिहायच्या पत्राची सुरुवात अशी करायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण टेबलाशी बसलो, पेनाचं टोपण काढलं आणि कानात आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सुरू झालं. (धुराड्यावर डालड्याचा डबा पालथा घातलेला असायचा. वारा आमच्या शाळेकडे असला की तो आवाज थेट वर्गात येऊन बसायचा, हजेरी लावल्यासारखा.) त्या ठेक्यावर आमचा चौथीचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. दळण संपून गिरणी थांबली की आमची कविताही ओळीच्या मधेच अडखळायची, आणि मग खैरनार गुरुजी टेबलावर पट्टी आपटून उरलेलं कडवं पार पाडून द्यायचे. गिरणीवाल्याला हे कधी कळलं नसेल. असो. आता रीतीचं लिहितो.

आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला ते हिरवं तेल चोळता की नुसतं खिडकीत ठेवून बघता? गोड खाणं किती कमी केलंत ते विचारत नाही, कारण आपण खरं सांगाल आणि मला काळजी लागेल. जावईबापूंना आशीर्वाद. छायाला म्हणावं, आई तिच्यासाठी कुरडया बाजूला काढून ठेवते आहे. विहीणबाईंना आम्हां दोघांचा नमस्कार सांगावा, मात्र त्यांचा चहा झाल्यावर सांगावा. इकडे ठमाबाई, ललित, मनीषा, दारची गाय, सगळे खुशाल आहेत. मी तेवढा नाही.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं असं आपल्या मनात येईल. पण आपल्याकडे फोन विहीणबाई उचलतात. मागे त्यांनी उचलल्या उचलल्या मी ‘केबलबद्दल बोलायचं होतं’ म्हणालो, तर त्यांनी ‘आमची केबल नीट दिसते’ म्हणून खाली ठेवला. त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून हे पत्र. ते आपण एकट्यानेच वाचावं ही विनंती. (का, ते पुढे येईल.)

आपण सगळी हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलीत. एका तारेच्या भरवशावर माणसांनी भरलेली गाडी सोडायची, याला केवढी छाती लागत असेल. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होतो खरा, पण स्टोअरमध्ये. तिथे वीज मी कधी पाहिली नाही, फक्त तिचे नटबोल्ट मोजून दिले. तेव्हा तारेच्या बाबतीत आपल्याइतका जाणता माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. मला कोॲक्सिअल केबल निवडायची आहे आणि येत्या रविवारच्या आत निवडायची आहे. चुकली तर एका वृद्ध माणसाचं मन मोडेल. तो वृद्ध माणूस मी नव्हे.

खैरनार गुरुजी आपल्याला आठवत असतील. छायाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला मधेच थांबवून ज्यांनी त्याचा ‘ष’ सुधारला, तेच. आम्हाला चौथीत एक ढगाची कविता होती. पुस्तकात नुसते शब्द होते, चाल गुरुजींनी स्वतः बांधली. ती दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हती, दुसऱ्या कुठल्या तालुक्यात नव्हती. त्या चालीत तो ढग डोंगराआडून असा काही वर यायचा की मागच्या बाकावरची पोरं खिडकीबाहेर बघायची. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी विसरलो (विहीणबाईंचा लग्नातला नारळ धरून), पण ती चाल माझ्या कानात पक्की आहे असं मी समजत होतो.

मग कारभारी आला. कारभारी म्हणजे माझा चौथीतला सोबती. त्याची झेंडूची शेती आहे आणि सगळ्या विषयांवर मत आहे. ओट्यावर बसलो होतो, ढग आले होते, मी आपला सहज ती कविता म्हणू लागलो. तर कारभारी कानावर हात ठेवून म्हणाला, “भिमा, ही गुरुजींची चाल नाय. ही तुझ्या गायीची हाय.” मी म्हटलं, मग तू म्हण. त्याने म्हटली. तिसऱ्या ओळीत जिथे आवाज वर न्यायचा तिथे तो धाडकन खाली आला, विहिरीत बादली सोडल्यासारखा. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर तो माझ्या वडिलांबद्दल काहीतरी बोलला. ठमाबाई मधे पडली आणि म्हणाली, “लय झालं. दोघं मिळून त्या गुरुजींनाच इचारा की.”

इथेच खरी अडचण आहे, वाल्मीकराव. गेल्या वर्षी गुरुजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. (अक्षर अजून तसंच आहे, वळणदार आणि धाक घालणारं.) आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, हात मागे बांधून उभे राहिलो आणि आळीपाळीने कविता म्हटली. माझी झाल्यावर गुरुजींनी मान हलवली, नाही. कारभारीची झाल्यावर त्याहून जोरात हलवली. (त्याहून जोरात, हे मी मुद्दाम लिहितो.) मग ते स्वतःच म्हणायला गेले. तोंड उघडलं, मान वर केली, डावा हात नेहमीसारखा हवेत गेला आणि गळ्यातून नुसता वारा आला. पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा वारा. मग त्यांनी पाटी ओढून लिहिलं, “घरी जा.” आम्ही गेलो. रस्ताभर कारभारीने एकाही विषयावर मत दिलं नाही, हे त्याच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण आहे.

म्हणजे काय झालं ते आपल्या लक्षात आलं असेल. ती चाल ज्या एका माणसाला येते त्याला ती म्हणता येत नाही, आणि ज्यांना म्हणता येतं त्यांना ती येत नाही. पण मला एक गोष्ट आठवली. छायाचं लग्न झालं त्याच हंगामात शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला होता. त्यात गुरुजींनी ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली होती आणि शूटिंगवाल्याने ती कॅसेटवर घेतली होती. (मी स्वतः तेव्हा मंडपामागे बुंदी वाढायला होतो, म्हणून ऐकली नाही. वाढणाऱ्याला कविता नसते.) कॅसेट देवघराच्या कपाटात मऊ कापडात बांधून ठेवलेली आहे. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी एकटाच गुरुजींकडे गेलो आणि सांगितलं की रविवारी आमच्या अंगणात या, तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवतो. गुरुजींनी पाटी पुसली. मग लिहिलं, “कोणता रविवार?” त्यांची मुलगी सांगते की धोतर इस्त्री करून खुर्चीवर टाकलं आहे आणि रोज सकाळी पाटीवर विचारतात, आज वार कोणता.

आता केबल. गुरुजींना आमच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून कार्यक्रम अंगणात. त्यांना ऐकूही कमी येतं, म्हणून टीव्हीच्या पोटातल्या बारक्या आवाजाचा उपयोग नाही. ललितच्या मित्राकडून जुना व्हीसीआर आणला. तो आतल्या खोलीत ठेवायचा, कारण त्याला धूळ चालत नाही. टीव्ही आणि आवाजाचं सामान अंगणात मांडायचं. ॲम्प्लिफायर मी एका मासिकातली आकृती बघून स्वतः जोडला. (सुरू करताना ठमाबाई गायीला घेऊन लांब उभी राहते.) स्पीकर बसवायला लाकडी खोके करायचे होते, पण मासिकात लिहिलं होतं की मातीच्या माठात स्पीकर बसवला तर आवाजाला घुमारा येतो. म्हणून दोन माठ घेतले. ललित म्हणाला, “बाबा, ह्याला होम थिएटर नाही म्हणत, पाणपोई म्हणतात.” बोलू दे. तो शाळेत कविता ऑप्शनला टाकायचा.

पहिल्यांदा घरात पडलेली साधी वायर जोडली. माठातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, जणू आत भुंगा अडकला आहे. त्या घूंऽऽमागे कोणीतरी बोलत होतं. कान लावला तर कांद्याचे बाजारभाव. आकाशवाणीचं कुठलंसं केंद्र त्या वायरीने वाऱ्यावरून पकडलं होतं. ठमाबाई बाहेर आली, तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माठाकडे. “आवं, ह्याच्यात सटाण्याचा भाव कोण सांगतंय?” मी तिला समजावलं. तिला ते समजलं, एवढंच नव्हे तर आवडलं. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला ती भाजीची पाटी घेऊन माठासमोर येऊन बसली. मी वायर काढायला गेलो तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की. कविता काय, कधीबी म्हणता येती.”

पण कल्पना करा, वाल्मीकराव. गुरुजींचा ढग डोंगराआडून वर येतो आहे आणि मागून उन्हाळ कांद्याचा भाव. मला झोप लागेना. मेन रोडच्या मागच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने विचारलं, “काका, कशासाठी पाहिजे?” मी म्हटलं, कवितेसाठी. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “मग आर जी सिक्स घ्या. सगळे तीच नेतात.” नंतर त्याने त्या केबलचा एक तुकडा कापून मला आतली रचना दाखवली, आणि काय सांगू, मी तिथेच काउंटरला टेकून उभा राहिलो. मध्ये तांब्याची एक तार, तो अर्थ. तिच्याभोवती पांढरं स्पंजासारखं भरण, ते मौन. त्यावर तारांची विणलेली जाळी, ते वृत्त. बाहेरचा गोंगाट ते स्वतःच्या अंगावर घेतं आणि आतल्या अर्थाला धक्का लागू देत नाही. सगळ्यावर काळं रबरी कव्हर, ती पुस्तकाची बांधणी. एवढी नीट बांधलेली वस्तू मी चौथीच्या पुस्तकानंतर प्रथमच पाहिली. शिवाय तो म्हणाला की ही पंचाहत्तर ओहमची असते. दोन्हीकडची यंत्रं पंचाहत्तरची, मधली केबलही पंचाहत्तरचीच हवी. मधे दुसऱ्या मापाची घातली तर सिग्नल थोडा उलटा फिरतो आणि चित्राला सावली पडते. मी म्हटलं, म्हणजे मात्रा चुकली की ओळ लंगडते तसं. तो म्हणाला, “काका, किती मीटर देऊ?”

घरी आणून सोलली तर जाळी इतकी विरळ की माझ्या डोक्यावरची दाट म्हणावी. मधली तार तांब्याची म्हणून दिली होती. मला शंका आली, म्हणून देवघराच्या कपाटाच्या दाराचं लोहचुंबक काढून लावून पाहिलं. चिकटलं. लोखंडावर तांब्याचा मुलामा. (तेव्हापासून ते कपाट उघडंच राहतं आणि ठमाबाई देवांना उघड्यावर ठेवल्याबद्दल मला बोलते.) दुकानदाराकडे परत गेलो तर तो म्हणाला की टीव्हीच्या केबलवाल्यांना असलीच चालते, तुम्हाला व्हीसीआरपासून थेट चित्र आणि आवाज न्यायचा असेल तर अख्ख्या तांब्याची, दाट जाळीची न्या. मग हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. तर म्हणे, “तुम्ही कविता म्हणालात.”

दाट जाळीची आणली. चित्राला एक, आवाजाला दोन, अशी तीन पदरी न्यायची होती. पिना जोडताना पहिल्यांदा सोल्डरचा डाग देताना तापलेली सळई जरा जास्त वेळ धरली, तर आतलं पांढरं भरण मेणासारखं वितळलं आणि मधली तार जाळीला जाऊन भेटली. अर्थ आणि वृत्त एकमेकांत मिसळल्यावर जे होतं तेच झालं, म्हणजे काहीच ऐकू येईना. ते टोक कापलं, पुन्हा जोडलं, ललितच्या मित्राने दिलेली सिनेमाची कॅसेट लावली, आवाज आला. खिडकीतून अंगणापर्यंत केबल कशावरून न्यायची हा प्रश्न होता. आमचा दोडक्याचा मांडव खिडकीपासून थेट अंगणापर्यंत येतो, त्यावरूनच नेली. आता मी स्टोअरमध्ये नोकरी केली असली तरी जन्म मळ्यातला. हातात लांब, लवचीक, हिरव्या वेलासारखी वस्तू आली (केबल काळी होती, पण हाताला ते कळत नाही) की बोटं आपोआप सुतळीकडे जातात. वितीवितीवर वेलाला घालतात ती गाठ मारत गेलो. मागून कारभारी आला. भांडण असलं तरी काम दिसलं की त्याला राहवत नाही. त्याने माझ्या गाठी सैल आहेत म्हणून प्रत्येक गाठ पुन्हा आवळली आणि कोपऱ्यावर केबलला शेंड्यासारखा पीळ देऊन वळवली. आम्ही मागे सरून पाहिलं. इतका सुंदर चढवलेला वेल या भागात दुसरा नसेल.

दुपारी ऑक्टोबरचं ऊन चढलं आणि माठ मुके झाले. शोधता शोधता कळलं की कोपऱ्यावरच्या पिळात आतलं भरण उन्हाने मऊ पडलं, आवळलेल्या गाठीने तार एका बाजूला सरकली आणि पुन्हा जाळीला भिडली. वेलाला आवळून बांधलं तर तो वाढतो, केबलला आवळून बांधलं तर ती मरते. हे चौथीत कोणी शिकवलं नव्हतं. कारभारी म्हणाला, “तुझा माल खराब.” मी म्हटलं, तुझा हात खराब. तो निघाला, फाटकापाशी थांबला आणि विचारलं, “रविवारी मी येऊ का नको?” मी म्हटलं, ये. तो म्हणाला, “येणारच हाय. गुरुजी माझ्या चालीला हो म्हणताना बघायचंय.” पण आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाटतं, त्यालाही तीच भीती आहे जी मला आहे. आमच्यातला कोण बरोबर, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. रविवारी त्या माठातून गुरुजींचा आवाज स्वच्छ आला नाही तर गुरुजी पुन्हा पाटीवर लिहितील, “घरी जा,” आणि या वेळी तर आम्ही घरीच असू.

तेव्हा माझा प्रश्न असा. एकीकडे जाड केबल आहे, ती वळायला कठीण. दुसरीकडे बारीक आहे, ती वळते, पण आत काय आहे याचा भरवसा नाही. जाळी दोन्ही टोकांना जोडावी की एकाच, तेही सांगावं. सिग्नल खात्यात आपण केबल भिंतीला कशाने अडकवत होता, आणि तिला उन्हापासून काय पांघरत होता? उलट टपाली कळवावं. गुरुजींच्या इस्त्रीच्या धोतराची शपथ घालत नाही, पण ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, एवढं लिहितो.

पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकायला कान देऊन बसलेला,
आपला व्याही,
भिमाजी

ता. क. ठमाबाई विचारते, सटाण्याचा भाव माठात पुन्हा आणता येईल का. जुनी वायर तिने जपून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. वर केबलबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. केबल कालच बसली. तांब्याची, दाट जाळीची, सैल गाठीची, वरून दोडक्याच्या पानांची सावली. घूंऽऽ नाही, बाजारभाव नाही, चित्राला सावली नाही. मग मी काल संध्याकाळी देवघराच्या कपाटातून ती कॅसेट काढली. झिजू नये म्हणून इतकी वर्षं एकदाही लावली नव्हती (व्हीसीआरही नव्हताच). लेबलावर माझ्याच अक्षरात ‘शाळा सुवर्णमहोत्सव’ असं लिहिलेलं. कारभारीला बोलावलं, गायीला बांधलं, बटण दाबलं. आवाज इतका स्वच्छ आला की काय सांगू. माठातून विहीणबाई म्हणाल्या, “नारळ कुठाय माझा?”

वाल्मीकराव, ती छायाच्या लग्नाची कॅसेट होती. शूटिंगवाल्याने दोन्ही एकाच दिवशी दिल्या होत्या, दोन्ही सारख्याच काळ्या. लेबलं सुवाच्य असावीत म्हणून मी स्वतः लिहून चिकटवली होती. सुवाच्य आहेत. फक्त एकीचं दुसरीवर आहे. म्हणजे लग्नानंतर दोन नारळ, साडी आणि पेढ्यांसह मी आपल्या घरी जी पाठवली, ती गुरुजींची.

आता माझी अवस्था ओळखा. मुलीच्या सासरी दिलेली वस्तू परत मागायची नसते. आमच्यात तर दिलेल्या डब्याचं झाकणसुद्धा मागत नाहीत. मागितली तर छायाला त्या घरात कोणत्या तोंडाने वावरायचं? आणि आपण दर दिवाळीला मला सांगता की ‘लग्नाची कॅसेट फार छान निघाली.’ याचा अर्थ काय घ्यावा, हे ठरवताना माझी रात्र गेली. एक तर आपण ती कधी लावलीच नाही, किंवा लावली आणि आमचा मान राखायला गप्प राहिलात. छायाही काही बोलली नाही, म्हणजे माहेरची चूक तिने पदराखाली झाकली असणार. हे दोन्ही मला परवडेल. पण तिसरं एक आहे, ते लिहायला हात होत नाही. आपल्याकडे क्रिकेट रेकॉर्ड करायची आवड आहे आणि कोऱ्या कॅसेटी लवकर संपतात, असं जावईबापू एकदा बोलले होते. त्या कॅसेटवर काही भरलं असेल तर मला कळवू नका; रविवार जाऊ द्या, मग कळवा. भरलं नसेल, तर कोणी मनमाडहून नाशिकला येत असेल त्याच्याबरोबर, एका डब्यात वगैरे, वर चिवडा घालून, विहीणबाईंच्या नजरेस पडणार नाही अशी पाठवता येईल का? बदल्यात त्यांच्या नारळाची कॅसेट मी लगेच पोचती करीन. मागणं एवढंच होतं. केबलचं आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायला घेतलं आणि फाटक वाजलं. खिडकीतून पाहतो तर विहीणबाई. एकट्या. हातात पिशवी, बरोबर ना आपण, ना छाया, ना जावईबापू. विहीण न कळवता एकटी आली की मुलीच्या बापाच्या मनात काय काय येतं ते आपल्याला मुलगी नसल्यामुळे सांगून कळायचं नाही. उठून सामोरं जायचं सोडून मी लिहितोच आहे. ठमाबाई मागे गोठ्यात आहे, तिला हाक मारायचं धैर्य नाही. विहीणबाई ओट्यावर आल्या. दार उघडं आहे तरी आत येत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाकून चपलेचा अडकलेला पट्टा सोडवताहेत. मला त्यांनी पाहिलेलं नाही. चेहरा रागावलेला नाही, छायाचं काही वाईट असतं तर

वाल्मीकराव, त्या गुणगुणताहेत.

त्या ढगाची कविता गुणगुणताहेत. पट्टा सुटत नाही म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून धरली. निवडण-टिपण करताना रोज ऐकून बसल्यासारखी, अगदी सरावाने, शब्दही न चुकता. म्हणजे ती कॅसेट आपल्या घरात आहे, आणि वाजते आहे. आता तिसरी ओळ आली. वर नेत नाहीत. खालीही आणत नाहीत. तिथेच, होता त्याच सुरावर, नुसत्या थांबतात, श्वासभर, आणि मग पुढचा शब्द हळूच ठेवतात. तो ढग वर आला. मी चुकलो होतो. कारभारीही चुकला होता. पत्र इथेच सोडतो. मी उठलो तर त्या गप्प होतील, आणि अजून दुसरं कडवं राहिलं आहे.